सात घरांचा फेरा

सोमवार, ११ मार्च

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझी ट्रंक, माझी छत्री, माझा तांब्या आणि दोरीवर वाळत घातलेला माझा टॉवेल हे सगळं माझ्या परवानगीशिवाय उचलून एका परक्या घरात नेऊन ठेवण्यात आलं. वेळ घड्याळ बघून लिहिली आहे. टेलिफोन खात्याच्या तक्रार खिडकीवर मी एकतीस वर्षं बसले. आधी तारीख, मग वेळ, मग काय झालं ते, आणि संताप असलाच तर शेवटी, असं मीच लोकांना सांगत आले. आज संताप पहिल्या ओळीतच घुसू पाहतोय. पण शिस्त म्हणजे शिस्त.

काय झालं ते असं. शुक्रवारी मी या डोंगरावर आले. डोंगर वरपासून खालपर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला, प्रत्येक पायरीवर भाताचं एकेक खाचर, आणि त्यात नुकतंच पाणी सोडलेलं. गाव त्याच उतारावर पसरलंय. सात घरं पाहुणे ठेवतात, दर परवडणारे. मी सगळ्यात वरचं घर निवडलं, कारण ते गाडीरस्त्याला लागून आहे, एकही पायरी चढावी-उतरावी लागत नाही, खोलीत दोन स्वतंत्र पलंग आहेत आणि खिडकी पूर्वेला आहे.

खोली माझ्यासाठी नव्हती, धाकट्या बहिणीसाठी होती. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी महिनाभर मोकळ्या हवेत राहायला सांगितलंय. तिने मला लिहिलं, "ताई, दोघी जाऊ या. जागा तू शोध, तुला ते जमतं. फार महाग नको." अकरा वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. ती वीस तारखेच्या बसने येणार. मी बारा दिवस आधी आले, कारण न बघता खोली ठरवणारी माणसं पुढे रडतात हे मी आयुष्यभर पाहिलंय.

आज बसथांब्यावर गेले होते. फोनला रेंज फक्त तिथेच मिळते. खोली पक्की झाल्याचं धाकटीला कळवलं आणि परत आले, तर माझ्या खिडकीत कुणाचे तरी मोजे वाळत होते. आत एक जोडपं दुर्बीण पुसत बसलेलं.

घरमालकिणीच्या गालावर वाटाण्याएवढा तीळ आहे. ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या तीन रात्री झाल्या ना. आता खालचं घर."

इथे म्हणे पाहुण्यांचाही फेरा असतो. खाचरांचं पाणी जसं वरून खाली एकेका खाचरात ठरलेल्या वेळेनंतर सोडतात, तसा पाहुणा तीन रात्रींनी एक घर खाली. म्हणजे कुणाच्या घरी सतत गर्दी आणि कुणाचं घर कायम रिकामं, असं होत नाही. हे सगळं चालवतो पाटकरी, म्हणजे पाण्याचं वाटप बघणारा माणूस. पाणी आणि पाहुणे, दोन्ही खाती एकाच माणसाकडे. मी त्याला बांधावर गाठलं. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर फावडं, तोंडावर राग नाही, लाज तर नाहीच. मी विचारलं, हे मला आधी का सांगितलं नाही?

"सांगितलं होतं बाई. पहिल्याच दिवशी. तुम्ही खिडकीची उंची मोजत होतात. मान हलवलीत."

मी मान हलवते ती समोरच्या माणसाचं बोलणं लवकर संपावं म्हणून. त्याला होकार म्हणत नाहीत.

अर्ज लिहून त्याच्या हातात दिला. लेखी खुलासा बुधवारी, १३ तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत.

मंगळवार, १२ मार्च

दुसरं घर. सतरा पायऱ्या, एकही सारख्या उंचीची नाही. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नाही, दार मिटायचं तर एका पायाने दाबून धरायचं आणि दुसऱ्यावर उभं राहून आंघोळ करायची. घरमालकिणीला सांगितलं. ती म्हणाली, आमच्याकडे कुणी आत असलं की बाकीचे गातात. मी विचारलं, गातात ते आतले की बाहेरचे? तिला हसू आवरेना. मी गंभीरपणे विचारलं होतं.

थांब्यावर जाऊन धाकटीला सगळा प्रकार कळवला. तिचं उत्तर लगेच आलं: "दर तीन रात्रींनी नवीन घर? मजा येईल ताई."

मजा. काठी टेकत चालणाऱ्या बाईला मजा. हिला लहानपणापासून असंच. पूल तुटला तरी ही म्हणायची, बरं झालं, आता नावेतून जाता येईल. आणि नाव शोधायची कुणी? मी.

तेव्हा या फेऱ्याच्या बाहेरची खोली शोधायची, हे आजपासून काम.

बुधवार, १३ मार्च

तीन जागा बघितल्या.

थांब्याजवळचा लॉज. मालक निवृत्त ड्रायव्हर. सकाळी पाचला पहिली बस खिडकीखालीच इंजिन तापवत उभी राहते. मालक अभिमानाने सांगत होता की त्या आवाजाशिवाय त्याला जागच येत नाही. उशीच्या अभ्र्याला डिझेलचा वास. नापसंत.

तरुण मुलांचं वसतिगृह. एकावर एक पलंग, भिंतीवर 'चिंता सोडा' असं लिहिलेलं. दाढीवाल्या व्यवस्थापकाने मला "आंटी, चिल करा" असं सांगितलं. चिल या क्रियापदाचा तपशील मी विचारला, तो त्याला देता आला नाही. नापसंत.

भातगिरणीच्या वरची खोली. हवा चांगली, प्रकाश चांगला, पायऱ्या सहाच, कठडा भक्कम. बारा वाजता खाली गिरणी सुरू झाली आणि टेबलावरचा माझा चष्मा आपणहून कडेपर्यंत चालत गेला. गिरणीवाला म्हणाला, रोज फक्त दोन तास. दोन तास थरथरायचं असेल तर डोंगरावर कशाला यायला हवं? नापसंत.

पाच वाजता पाटकरी आला. हातात माझा अर्ज, चौघडी घातलेला. वाटलं, खुलासा आणला. तो म्हणाला, "हे मी घरी ठेवू का? अक्षर फार सुरेख आहे. बायकोला दाखवायचंय." अक्षर कॉन्व्हेंटमधलं आहे. मदर सुपिरियर वळण चुकलं की पानच फाडायच्या. मी म्हटलं, ठेवा. खुलासा नाहीच.

गुरुवार, १४ मार्च

ट्रंक पुन्हा हलली. तिसरं घर एका शिंपिणीचं. बोटं सुईसारखी, जीभही तशीच. बत्तीस पायऱ्या. वर जाऊन मेसेज करून येईपर्यंत माझेच गुडघे बोलू लागले.

धाकटीने विचारलं, खोली ठरली का? मी लिहिलं, सात ठिकाणं बघितली, एकही तुझ्या लायकीची नाही, वीसऐवजी चोवीसला निघ. खरं म्हणजे सहा बघितली. पण एक आणखी बघणार होतेच.

तिने लिहिलं, "ताई, मी आता दोन जिने चढते. कुठलीही खोली चालेल."

चालेल म्हणे. तिला विचारतंय कोण?

शुक्रवार, १५ मार्च

शिंपिणीची खोली एरवी वाईट नाही. पडदे स्वतः शिवलेले, शिवण सरळ. पण पलंग भिंतीला इतका चिकटवलेला की चादर खोचायला हात जात नाही. मी तिच्याकडून पलंग ओढून घेतला, चादर कोपऱ्यात दुमडून कशी खोचतात ते दाखवलं. तिने तीनदा करून बघितलं. मग म्हणाली, "बहिणीला कोपरे आवडतात का असे?"

मला सांगता आलं नाही. धाकटी नऊ वर्षांची असेपर्यंत मीच तिचं अंथरूण घालत होते. पुढचं माहीत नाही.

येताना दुसऱ्या घरावरून आले. न्हाणीघराला नवी कडी बसवली आहे. ती बाई कडी लावून-काढून दाखवत होती, जणू विमान उडवतेय. उशिरा का होईना, तक्रारीचा उपयोग होतो.

रविवार, १७ मार्च

चौथं घर. खोली ठीक. काय खटकलं ते उद्या लिहीन.

सोमवार, १८ मार्च

दिवसभर बघितलं. दोन पलंग. चादरी स्वच्छ. दरवाजाच्या वरच्या चौकटीवर बोट फिरवलं, धूळ नाही. पायऱ्या आहेत, पण रुंद आहेत, मध्ये बसायला दगडी कट्टा आहे. घरातलं माणूस गरज नसताना बोलत नाही. घरमालक म्हणाला, पाटकऱ्याशी बोलून बघतो, आजारी माणसासाठी फेरा थांबवता येईल.

चार वाजता लक्षात आलं की खिडकी पश्चिमेला आहे. दुपारभर ऊन डोळ्यांवर येणार. त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, पडदा लावू. मी म्हटलं, पडदा लावून अंधारात बसायला एवढ्या लांब कुणी येत नाही.

त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. तक्रार खिडकीवर असताना मीही काही माणसांकडे असं बघायची: फोन सुरू झालाय हे सांगितल्यावरही जी माणसं खिडकीसमोरून हलत नाहीत, त्यांच्याकडे.

बुधवार, २० मार्च

पाचवं घर. घरात एक आजी आणि तिची सून. आजी ऐंशीच्या पुढची, सगळं ऐकू येतं, पण सोयीचं नसलं की ऐकू येत नाही.

साडेतीनच्या बसला थांब्यावर गेले. आज कुणी येणार नव्हतं, मीच तिला नको म्हणून कळवलं होतं. तरी गेले. वर जायचंच होतं, रेंजसाठी. बसमधून अकरा माणसं उतरली. एक बाई काठी घेऊन उतरली, ती दुसरीच होती. मी तिला पायरी उतरायला हात दिला. हे लिहिण्यासारखं काही नाही, पण लिहिलं.

परत आल्यावर आजी ओसरीवर. कुठे गेली होतीस, म्हणाली. एकेरीवर. मी सांगितलं, खोल्या बघतेय, बहीण येणार आहे. मग कुठली खोली का नको, ते एकेक सांगितलं: डिझेल, गिरणी, पश्चिमेची खिडकी. आजीने सगळं ऐकून घेतलं.

"तुझी बहीण खोली बघायला येतेय, की तुला?"

काय हा आगाऊपणा. ओळख नाही पाळख नाही, चार तासांच्या पाहुण्याला असं विचारतात? मी उठले. खोलीत येऊन ट्रंकेतलं सगळं काढलं आणि परत नीट लावलं. मग पुन्हा काढलं.

शुक्रवार, २२ मार्च

सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी धाकटीचा मेसेज:

"ताई, खरं सांग. मी येऊ नये असं तुला वाटतंय का?"

मी थांब्यावरच्या बाकावर बसले आणि उत्तर लिहायला घेतलं. रागाने. मी! जी पंधरा दिवस या डोंगरावर चढतेय-उतरतेय, जिने चपलांचा अंगठा तुटेपर्यंत खोल्या बघितल्या, माझ्या बापजन्मात कुणाला 'तुमचा पलंग हलवून दाखवा' म्हणाले नव्हते ते इथे म्हणाले, ती मी! उत्तरात सहा मुद्दे लिहिले, क्रमांक घालून. पायऱ्यांची संख्या. खिडक्यांच्या दिशा. फेऱ्याचा अन्याय. पाटकऱ्याने अद्याप खुलासा न दिल्याची नोंद. शेवटी लिहिलं, एक तारखेपर्यंत थांब, तोपर्यंत बघते.

तिचं उत्तर: "बरं."

एवढंच. मी बाकावर बसून राहिले. चाळीस मिनिटांनी दुसरा मेसेज: "राहू दे ताई. बसचं तिकीट रद्द केलं. मी घरीच व्यायाम करीन. तू तरी महिनाभर राहा तिथे. पाण्याचे फोटो फार छान आलेत."

फोटो मी भिंतीला आलेली ओल दाखवायला पाठवले होते, खिडकीबाहेरची खाचरं त्यात आपणहून आली.

शनिवार, २३ मार्च

सहावं घर. ट्रंक मी स्वतः उचलली. पाटकरी मदतीला आला, त्याला नको म्हटलं. अर्ध्या वाटेत ट्रंक खाली ठेवावी लागली. तो दोन पायऱ्या मागे उभा राहिला. मी उचलली की चालायचा, ठेवली की थांबायचा. असं करत पोचलो.

आज खोली बघायचं काम नाही. सकाळी बाहेर पडले आणि सवयीने वसतिगृहापर्यंत गेले. दाढीवाला म्हणाला, "आंटी, वरच्या बाजूची एक खोली रिकामी झालीय, खालचाच पलंग, बघता का?" बघितली. चांगली होती. परत आले.

बसवत नाही. उभंही राहवत नाही. बांधावरून चालत गेले, खाचरांत नुसतं आभाळ. एका बांधावर पाय घसरला आणि एक चप्पल चिखलात राहिली. तिला शोधत अर्धा तास गेला, तो अर्धा तास बरा गेला.

रविवार, २४ मार्च

आज ती येणार होती.

इथे कुणी वाचणार नाही, तेव्हा लिहिते.

अकरा वर्षांपूर्वी, एका मंगळवारी पहाटे आई गेली. धाकटी दुसऱ्या शहरात होती, सातवा महिना, त्याआधी दोनदा पोटातलं गेलेलं. वय एकोणचाळीस. डॉक्टरांनी पलंगावरून उठू नको म्हणून सांगितलेलं. मी ठरवलं की तिला सांगायचं नाही. कळलं असतं तर ती निघाली असती, अडवणाऱ्यांचं तिने कधी ऐकलंय? सगळं उरकलं आणि शुक्रवारी संध्याकाळी मी फोन केला. साऱ्या गावाचे बंद फोन सुरू करून देणारी मी, माझा फोन चार दिवस टेबलावर होता, चालू होता.

ती ओरडली नाही. एकच म्हणाली, "ताई, तू मला विचारलं नाहीस."

मुलगी सुखरूप झाली. आता अकरा पूर्ण होऊन बारावं लागेल तिला. माझा निर्णय बरोबर होता याचा याहून मोठा पुरावा कोणता? एकदा पत्रात मी तसं लिहिलं होतं. त्या पत्राचं उत्तर आलं नाही. त्यानंतर सणावाराला दोन ओळी, वाढदिवसाला एक ओळ.

आणखी एक. शेवटचे पंधरा दिवस आई धाकटीचंच नाव घेत होती. पाणी मी पाजायची, कूस मी बदलायची, आणि ती मला धाकटीच्या नावाने हाक मारायची. मी ओ द्यायची. ती गेली त्या सकाळी मी तिच्याजवळ बसले होते, आणि मला वाटलं, आता चार दिवस तरी आई माझी एकटीची.

हे कशाला लिहिलं कळत नाही. मुद्दा खोलीचा आहे. चांगली खोली मिळाली असती तर हे काहीच झालं नसतं.

सोमवार, २५ मार्च

सकाळी पाटकऱ्याला गाठलं. तो एका बांधाचं तोंड फोडून पाणी खालच्या खाचरात सोडत होता. मी म्हटलं, तुमचा फेरा उद्या मला कुठे टाकणार आहे ते आजच सांगा, म्हणजे मी गावी जायची बस धरते. तो म्हणाला, उद्या सातवं घर. सातवं कुणाचं? माझंच, म्हणाला.

पाणी वाटणाऱ्याचं खाचर तळाशी, घर तळाशी. सगळ्यांना देऊन झाल्यावर त्याला मिळतं, नाहीतर लोक त्याच्यावर विश्वास ठेवणार नाहीत. पाहुण्यांचंही तेच. बहुतेक पाहुणे तिसऱ्या-चौथ्या घरापर्यंतच टिकतात, मग परत जातात. त्याच्या घरापर्यंत वर्षाला दोन-तीन पोचतात. मी विचारलं, आणि तीन रात्रींनंतर?

तो माझ्याकडे बघत राहिला, मी त्याची थट्टा करतेय की काय म्हणून.

"बाई, त्याच्या खाली घरच नाही. तुम्हाला पाठवणार कुठे? हवं तेवढं राहा."

मग मी लेखी खुलाशाची आठवण केली. लिहून काय देऊ, म्हणाला, चला, दाखवतो. आम्ही बांधाबांधाने खाली उतरलो. जिथे उतरणं कठीण तिथे तो पुढे होऊन खांदा द्यायचा. तळाला ओढा, ओढ्यावर पूल, आणि पुलावरून गाडीरस्ता. आमची बस याच पुलावरून येते आणि मग वळणं घेत वर चढते. मी येताना वळणांना घाबरून डोळे मिटून बसले होते, त्यामुळे पूल पाहिलाच नव्हता. हात केला तर बस पुलावर थांबते. पुलापासून त्याच्या दारापर्यंत एकोणीस पायऱ्या. मी दोनदा मोजल्या. एका बाजूला कठडा आहे, हलवून बघितला, हलत नाही.

त्याची बायको दारात उभी. म्हणाली, तुमचं अक्षर बघितल्यापासून रोज खोली झाडतेय, आज येतील, उद्या येतील. माझा अर्ज भिंतीला लावलेला, खिळा मारून, सरळ. मला वाचता आला नाही. म्हणजे जागेवरून दिसत होता, पण वाचला नाही.

खोली बघितली. खिडकी उत्तरेला, खाली ओढा, त्याचा आवाज सतत. भिंतीला एका कोपऱ्यात ओल आहे. पलंग एकच, रुंद, साडेसहा फूट बाय सहा. मी म्हटलं, दोन हवे होते, वेगळे. ती म्हणाली, याच्यावर तीन माणसं मावतात, तुम्ही दोघीच ना? मी म्हटलं, आम्ही दोघी अकरा वर्षं... आणि पुढचं वाक्य मला मिळेना.  ती उशा झटकायला लागली. मीही एक उचलली. कोपरे कसे दुमडतात ते तिला दाखवलं, माझ्याकडून पहिल्यांदा चुकलं.

या खोलीत मी नापसंत करण्यासारखं बरंच आहे. मी एकही गोष्ट लिहीत नाही.

मंगळवार, २६ मार्च

सातवं घर. ट्रंक पाटकऱ्याने आणली, मी आणू दिली.

सकाळपासून पत्र लिहितेय. चार पानं फाडली. पाचव्याची नक्कल इथे ठेवते. मूळ पत्र बाराच्या बसच्या ड्रायव्हरजवळ दिलं आहे, तो शहरातल्या थांब्यावरून आज संध्याकाळी ते धाकटीच्या घरी पोचवणार आहे. पुलावर उभी राहून मीच हात केला. त्याने माझ्याकडून पोच मागितली नाही, मीच त्याच्याकडून घेतली.

'धाकटे,

खोली ठरली आहे. पुलापासून एकोणीस पायऱ्या, डाव्या बाजूला कठडा. काठी उजव्या हातात धरत असशील तर सोयीचं पडेल. कुठल्या हातात धरतेस ते मला माहीत नाही, तेव्हा कळव. खिडकी उत्तरेला. एका कोपऱ्यात ओल आहे. पलंग एकच आहे. तू झोपेत लाथा मारायचीस, अजून मारत असशील तर मी भिंतीच्या बाजूला झोपेन.

तू विचारलंस की तू येऊ नये असं मला वाटतं का. तेव्हा मी सहा मुद्दे लिहिले, त्यांत उत्तर नव्हतं. उत्तर असं की मला भीती वाटत होती. खोल्या सगळ्या चांगल्या होत्या. एक तर फारच चांगली होती.

आई मंगळवारी गेली आणि मी तुला शुक्रवारी सांगितलं. ते ठरवायचा अधिकार मला नव्हता. बाळ सुखरूप झालं म्हणून तो मला मिळत नाही. शेवटचे पंधरा दिवस ती तुलाच हाक मारत होती, हे मी तुला आजवर सांगितलं नाही, ते तुझं होतं. त्या चार दिवसांबद्दल माझ्याकडे खुलासा नाही. तुला काही विचारायचं असेल तर विचार. मी आता मान हलवून बोलणं संपवणार नाही.

तू येणार की नाही, हे मला लेखी हवं आहे. मेसेज चालणार नाही. मेसेजवर तू "बरं" म्हणतेस आणि त्यातलं मला काही कळत नाही. कागदावर, तुझ्या अक्षरात, दोन ओळी असल्या तरी चालतील. नकार असला तर तोही असाच लिही.

बस शनिवारी, ३० मार्चला, दुपारी सव्वातीनच्या सुमारास या पुलावर येते. मी तिथे उभी असेन. उत्तर त्या बसने माझ्या हातात पडलं पाहिजे, त्यानंतर आलेल्या उत्तराचा विचार केला जाणार नाही. हे शेवटचं वाक्य सवयीने लिहिलं गेलं. त्यानंतर आलं तरी मी विचार करीन. पण शनिवारीच पाठव.

उत्तर स्वतः घेऊन आलीस तरी स्वीकारण्यात येईल. मात्र ते लेखीच असावं.

ताई'